गरिबीवरचा आळ

दिवाळी जवळ आली, की आमच्या तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्याच्या फळ्यावर एक सूचना लागते. परगावी जाताना दागिने बँकेत ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा, दाराला चांगले कुलूप घाला. सूचना शहाणपणाची आहे आणि मी ती पाळतो. दागिने नसल्यामुळे निदान कुलपापुरती तरी पाळतो. माझे भांडण सूचनेशी नाही. ती वाचून आल्यावर फराळाच्या ताटाभोवती जी चर्चा रंगते, तिच्याशी आहे.

या चर्चेत दोन पक्ष ठरलेले असतात. पहिला पक्ष म्हणतो, "या लोकांच्या रक्तातच चोरी आहे." 'हे लोक' म्हणजे कोण, ते कुणी विचारीत नाही, गावाबाहेरच्या माळावर ज्यांची पाले पडतात ते. दुसरा पक्ष अधिक शिकलेला आणि अधिक कनवाळू असतो. तो म्हणतो, "रक्त कसले घेऊन बसलात? पोटात आग पडली की कुणीही चोरी करील. गरिबी घालवा, चोऱ्या आपोआप थांबतील." एवढे बोलून तो चकली मोडतो, आणि वाद माणुसकीने जिंकला असे समजून घरातली मंडळी चहा ठेवायला उठतात.

वाचकांनी रागावू नये, पण माझा राग या दुसऱ्या पक्षावर आहे. पहिल्याशी काय भांडायचे? तो उघड्यावर उभा आहे, त्याला कुणीही दगड मारावा. दुसरा आपल्यातला आहे. तो मासिके वाचतो, व्याख्यानांना जातो, वर्गणी देतो. त्याचे मत ऐकायला गोड लागते, म्हणून ते कुणी तपासून पाहत नाही. मी ते तपासले आणि मला ते खोटे आढळले. नुसते खोटे असते तरी सोडून दिले असते. पण ते गरिबाचा अपमान करणारे आणि श्रीमंताच्या सोयीचे आहे.

तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वस्तीशाळेवर मास्तर म्हणून चिकटलो तो आजतागायत खडू झिजवतो आहे, आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. समाजशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण या शास्त्रातल्या पंडितांनी दोनशे वर्षांत जे लिहून ठेवले आहे ते वाचायला पदवी लागत नाही. थोडी चिकाटी, एक शब्दकोश आणि एखादा उदार ग्रंथपाल एवढ्यावर भागते.

रक्ताची गोष्ट आधी उरकून टाकू. लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टराने १८७६ साली ग्रंथ लिहून जाहीर केले, की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो; जबडा, कान, कवटी पाहून तो ओळखता येतो. युरोपात या ग्रंथाचा मोठा गाजावाजा झाला. आमच्या देशातले सरकार मात्र त्याच्याही पाच वर्षे पुढे होते. इंग्रजांनी १८७१ सालीच गुन्हेगार जमातींचा कायदा करून ठेवला होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच, असे तर्कशास्त्र त्यामागे होते. १९११ साली तो कायदा साऱ्या हिंदुस्थानभर लागू करण्याची सोय झाली आणि जमातीच्या जमाती यादीत चढल्या. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशी एक वसाहत होती आणि तिच्यातली माणसे गिरण्यांत कामाला जात. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. इकडे विलायतेत चार्ल्स गोरिंग या डॉक्टराने सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेऊन १९१३ सालीच दाखवून दिले होते, की गुन्हेगाराचा असा काही वेगळा साचा नसतो. आमच्याकडचा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला. बाकीचा देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी ही माणसे सुटली, म्हणून ती ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. शहरातल्या किती घरांना हा सण ठाऊक आहे?

आता भुकेकडे वळू. जिथे दारिद्र्य तिथे चोरी, ही समजूत जुनीच आहे. ती मोजून पाहण्याचा उद्योग प्रथम फ्रान्समध्ये झाला. १८२५ सालापासून तेथील सरकार फौजदारी खटल्यांचे वार्षिक आकडे ठेवू लागले, आणि गेरी नावाचा एक फ्रेंच वकील व केतले नावाचा बेल्जममधला ज्योतिर्विद हे दोघे त्या आकड्यांवर तुटून पडले. आकड्यांनी उलटेच सांगितले. मालमत्तेवरचे गुन्हे सधन उत्तर फ्रान्समध्ये जास्त, आणि क्रझसारखा दरिद्री, निरक्षर जिल्हा गुन्ह्यांच्या यादीत अगदी तळाशी! केतलेने १८३५ च्या आपल्या ग्रंथात याचा उलगडा केला आहे. सगळेच गरीब असतात तिथे गरिबी माणसाला इतकी बोचत नाही. संपत्ती शेजारी दिसत असेल, किंवा कालचे बरे दिवस आज एकाएकी हिरावले गेले असतील, तर तीच गरिबी माणसाला वाटेवरून ढकलते.

म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हे लिहून ठेवलेले आहे, आणि आमचा कनवाळू पक्ष अजून चकलीच मोडतो आहे.

त्याच्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो लपवणे बरे नव्हे. बव्हेरियात १८३६ ते १८६१ या काळात धान्य महागले की चोऱ्या वाढत आणि स्वस्त झाले की कमी होत, असे मायर नावाच्या जर्मन पंडिताने दाखवले. भुकेचा झटका आला की काही हात धान्याच्या पोत्याकडे जातात, हे मला मान्य आहे. पण झटक्यावरून रोगाचे निदान करू नये. अमेरिकेत १९६० ते १९७० ही दहा वर्षे भरभराटीची होती, आणि त्याच वर्षांत तेथील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. उलट २००८ साली तिथे मोठी मंदी आली, घरेदारे गेली, नोकऱ्या गेल्या, आणि गुन्हे घटतच राहिले. फार दूर कशाला? १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. बाया पोरांना झाडाच्या सावलीत ठेवून उन्हात हातोडी चालवीत होत्या. भूक म्हणजेच चोरी असती, तर त्या साली या राज्यात एक कोठार शिल्लक राहायला नको होते.

गरिबाचा अपमान म्हणतो तो इथे. आमच्या माळावरच्या पालांतल्या बाया सुया, दाभण, पोत विकत पाच-पाच कोस हिंडतात. पुरुष ऊसतोडीला जातात, जुन्या भांड्यांना ठोके देतात. दिवसाकाठी पन्नास उघडी दारे त्यांच्यासमोर येतात. त्या दारांतून त्या आत गेल्या नाहीत, याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही. 'बिचारे गरीब आहेत, चोरी करणारच,' असे म्हणणारा या न केलेल्या हजार चोऱ्या एका फटक्यात पुसून टाकतो.

मी काही वर्षे एका शाळेत होतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, अशा शाळा जागोजाग आहेत. सहलीच्या वर्गणीचे पैसे मास्तरांच्या टेबलावरून गहाळ झाले. दप्तरे तपासायचे ठरले. तपासणी शेवटच्या बाकापासून सुरू झाली, कारण पालांवरची चार मुले तिथे बसत. मी हरकत घेतली, तेव्हा उत्तर मिळाले, "सगळ्यांचीच तपासायची आहेत हो, कुठून तरी सुरुवात करायला हवी ना?" तेवढ्यात आमच्या एक बाई, अत्यंत प्रेमळ, पोरांना घरून लाडू आणून देणाऱ्या, हळूच म्हणाल्या, "घेतले असतील तर मारू नका. घरी काही नसतं हो त्यांना." मी पाहत होतो. तपासणारा हात आणि दयेची नजर, दोन्ही एकाच बाकाकडे गेली होती. पैसे कुणाच्याच दप्तरात निघाले नाहीत. त्या चारांतली एक मुलगी, चौथीतली, दुसऱ्या दिवशी आली नाही आणि नंतरही कधी आली नाही. पटावर तिचे नाव वर्षअखेरपर्यंत होते.

रक्ताचा सिद्धांत तिला चोर ठरवून बाहेर काढतो, भुकेचा सिद्धांत तिला चोर ठरवून जवळ घेतो. ठरवायचे काम दोघांनीही आधीच उरकलेले असते.

मग विषमतेचा आणि गुन्ह्याचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. पण तो भुकेच्या वाटेने जात नाही. या बाबतीत रॉबर्ट मर्टन हा अमेरिकन पंडित मला जवळचा वाटतो. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात तो १९१० साली फिलाडेल्फियात जन्मला. पोरवयात जादूचे खेळ करी, आणि मर्टन हे नाव त्याने त्या खेळांपायीच घेतलेले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९३८ साली, त्याने एक छोटा लेख लिहिला, आणि पुढची कित्येक वर्षे पंडित त्या लेखाभोवती फिरत राहिले. त्याचे म्हणणे मी माझ्या भाषेत सांगतो. समाज सगळ्यांपुढे एकच पक्वान्नाचे ताट मांडतो आणि सांगतो, की हे तुमचे आहे. जो उपाशी राहील तो आळशी. ताटापर्यंत जाण्याचे दार मात्र काहींनाच उघडे असते. मग बहुतेक माणसे मुकाट्याने दाराशी थांबतात. काही खिडकी शोधतात. काही ताटाचा नाद सोडून व्यसनात बुडतात, काही ताटच उलथायला निघतात. आणि एक प्रकार असा, की ताटाची आशा केव्हाच सुटलेली असते, पण रांगेत उभे राहण्याचे नियम मात्र तो डोळ्यांत तेल घालून पाळतो. या शेवटच्या प्रकारात मला आम्हा मास्तर मंडळींचा सबंध समुदाय ओळखीचा वाटला.

विनोद सोडून देऊ. मर्टनचे म्हणणे आमच्या वर्गात रोज दिसते. भिंतीवर 'प्रयत्नांती परमेश्वर' लिहिलेले असते. आम्ही चाळीसही पोरांना सांगतो, की तुमच्यातला कुणीही कलेक्टर होईल. शहरातल्या खाजगी वर्गांची फी आम्ही सांगत नाही. हातातल्या मोबाइलवर सगळे जग लखलखत असते; मोटारसायकल, बूट, बंगला. ती लखलख पालातही पोचते, कारण ती फुकट आहे. गरिबी फक्त पोट रिकामे ठेवते. ही लखलख माणसाला स्वतःची लाज वाटायला लावते. गरिबी एकट्याने हे करीत नाही, असे मर्टननेही स्पष्ट म्हटले आहे: आग्नेय युरोपात दारिद्र्य मोठे, पण तिथे गुन्ह्याशी त्याचे नाते अमेरिकेइतके घट्ट नाही.

इथे कुणी तरी म्हणणार, "म्हणजे पूर्वी बरे होते! ज्याने त्याने आपापल्या पायरीवर राहावे, ताटाकडे पाहू नये, म्हणजे चोरी नाही." हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे, आणि तो करणारे नेहमी वरच्या पायरीवरचे असतात. मान वर करायची ज्याला बंदी, त्याच्या शांतपणाला प्रामाणिकपणा म्हणायला मी तयार नाही. आणि ती जुनी शांतताही इतकी पक्की नव्हती. रामोशी गडांची राखण करीत, गावाची रखवाली करीत. १८१८ साली पेशवाई बुडाली, गडांवरची चाकरी गेली, हक्क गेले, आणि उमाजी नाईकासारखी माणसे बंडाला उभी राहिली. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर नेत; आगगाडी आली आणि तांडे रिकामे झाले. ज्यांच्या हवाली आपण घराची राखण आणि मिठाची गोणी केली होती, त्यांचीच नावे पुढे गुन्हेगारांच्या यादीत चढली. कालचे दिवस एकाएकी हिरावले जाण्याविषयी केतलेने जे लिहिले, त्याचे याहून चांगले उदाहरण त्याला फ्रान्समध्येही मिळाले नसते.

'त्यांची जातच तशी' म्हणणाऱ्यांसाठी शिकागो शहरातली एक हकीकत आहे. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी तेथील बालगुन्हेगारांच्या न्यायालयाचे तीस-पस्तीस वर्षांचे कागद चाळले आणि १९४२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखान्यांच्या लगतच्या मोडक्या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, मग पोलिश आणि इटालियन आले, मग निग्रो म्हणून हिणवली जाणारी माणसे आली. माणसे बदलली, भाषा बदलल्या, धर्म बदलले. त्या वस्त्यांतली बालगुन्हेगारी मात्र जिथल्या तिथे राहिली. आणि जे लोक तिथून निघून चांगल्या भागात गेले, त्यांच्या पोरांचे गुन्हे त्यांच्याबरोबर गेले नाहीत. रक्त गाडीत घालून नेता येते. मग गुन्हा मागे कसा राहिला?

१९८२ साली पीटर आणि ज्युडिथ ब्लाउ या पतिपत्नींनी अमेरिकेतल्या १२५ मोठ्या शहरांचा हिशेब मांडला. शहरातली विषमता, विशेषतः काळ्यागोऱ्यांमधली, हिशेबात धरली की नुसत्या गरिबीचा हिंसेवर वेगळा असा परिणाम उरत नाही, असे त्यांना आढळले. या हिशेबावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि ते होणे योग्यच होते. विषमता म्हणजे काही पिठाची गिरणी नव्हे, की वरून एवढे दाणे टाकले म्हणजे खालून तेवढेच पीठ पडेल. अमेरिकेतच १९९० नंतर श्रीमंत-गरिबांतले अंतर वाढत गेले आणि गुन्हे मात्र घटले. जो कोणी सांगेल की आपल्यापाशी गुन्ह्याची एकच किल्ली आहे, त्याच्यापासून वाचकांनी सावध राहावे. त्यात मीही आलो.

परंतु विषमता एक काम मात्र बिनचूक करते. कुणाच्या दप्तरापासून सुरुवात करायची, ते ती ठरवते.

एड्विन सदरलँड याने १९३९ साली अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांच्या सभेत अध्यक्ष म्हणून जे भाषण केले, ते याच मुद्द्यावर होते. तो म्हणाला, गरिबी आणि गुन्हा यांचे नाते सांगणारे सगळे सिद्धांत तुरुंगातल्या माणसांवरून बांधलेले आहेत. जे तुरुंगात जातच नाहीत, त्यांचे काय? या गुन्ह्यांना त्याने जे इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थ पांढऱ्या गळपट्टीचे गुन्हे. आम्हाला ते नाव उसने घेण्याचीही गरज नाही, कारण 'पांढरपेशा' हा शब्द मराठीने केव्हाचा तयार ठेवलेला आहे. फक्त तो आपण आदराने वापरतो. सदरलँडने ७० बड्या कंपन्यांची कुंडली काढली आणि त्यांच्याविरुद्ध न्यायालयांनी व सरकारी मंडळांनी दिलेले ९८० निर्णय मोजले. दर कंपनीमागे चौदा! इतक्या वेळा एखादा खिसेकापू सापडला असता, तर त्याला सराईत म्हटले असते. १९४९ साली त्याचे पुस्तक निघाले, पण अब्रुनुकसानीच्या धास्तीने प्रकाशकाने कंपन्यांची नावे गाळायला लावली. नावांसकट पुस्तक निघायला १९८३ साल उजाडले. तोवर सदरलँड मरून तीन तपे होत आली होती. खिसेकापूचे नाव गाळण्यासाठी एखाद्या वर्तमानपत्राने इतकी काळजी घेतल्याचे वाचकांना आठवते काय?

आमच्या पूर्वजांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. कौटिल्याने सरकारी द्रव्य खाण्याच्या चाळीस तऱ्हा सांगितल्या आहेत, आणि त्या चाळिसांत भुकेलेल्याची एकही नाही. आजचा कायदाही तसा आंधळा नाही. कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी मालकाने भरला नाही, तर तो फौजदारी विश्वासघात होय, असे दंडविधानात १९७३ साली घातले गेले, आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम आहे. पण बोलीत काय होते पाहा. सायकल नेणारा 'चोर' असतो. शेकडो कामगारांच्या म्हातारपणाची पुंजी नेणाऱ्याकडे 'थकबाकी' असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले निघाले आणि साठांहून अधिक माणसे सूज येऊन मेली. आपण तिला 'भेसळ' म्हटले. साठ माणसे सुऱ्याने मेली असती तर काय म्हटले असते? भुकेचा सिद्धांत श्रीमंताच्या सोयीचा आहे म्हणतो तो याचसाठी. गुन्हा भुकेतून येत असेल, तर ज्याचे पोट भरलेले आहे त्याच्याकडून गुन्हा होऊच शकत नाही. त्याच्याकडून फार तर अनियमितता होते.

आता तुरुंगाच्या दारात जाऊ. २०२२ सालच्या अखेरीस या देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे त्यांचा खटला अजून निकालात निघायचा होता. शंभरांतली पंचाहत्तरांहून अधिक! यांतल्या पुष्कळांचा जामीन मंजूरही झालेला असतो. पण सातबारा असलेला जामीनदार मिळत नाही. बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या कमाल मुदतीहूनही अधिक काळ माणसे खटल्याविना कुजत होती, हे १९७९ साली हुसैनारा खातूनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यानंतर कायदे सुधारले, नाही असे नाही. २०२४ च्या जुलैपासून जो नवा कायदा लागू आहे, त्यात पहिल्याच गुन्ह्यातला कच्चा कैदी कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर काही अपवाद वगळता त्याला सोडावे असे म्हटले आहे. आणि पाच हजार रुपयांखालची पहिलीच चोरी असून वस्तू परत केली तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. चांगली गोष्ट आहे. पण अमलात आणणारे हात तेच आहेत, आणि ते शेवटच्या बाकापासून सुरुवात करण्याला सरावलेले आहेत. या तुरुंगाची आकडेवारी पाहून कुणी म्हणतो, "पाहा, तुरुंगात सगळे गरीबच आहेत, म्हणजे गुन्हा गरिबीतून येतो!" दवाखान्यात सगळे रोगीच असतात, म्हणून रोग दवाखान्यातून येतो, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

आमच्या लेखक मंडळींनी या बाबतीत जे केले आहे, त्याबद्दलही बोलले पाहिजे. पाव चोरणारा नायक आम्हाला फार प्रिय. ह्यूगोच्या १८६२ सालच्या 'ले मिझराब्ल'पासून तो चालत आला आहे. पण ह्यूगोचा संताप पावावर नव्हता. एका पावापायी आणि मग पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी माणसाची एकोणीस वर्षे गेली, यावर होता. वाचक पावाकडे पाहून रडले आणि एकोणीस वर्षांकडे त्यांचे लक्ष जरा कमीच गेले. मराठीतही भाकरीचोर पुष्कळ झाले. मग १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आले, आणि ज्यांच्यावर आपण बाहेरून दया करीत होतो त्यांच्यातलाच एक जण आतून बोलू लागला. साहित्य अकादमीने त्याचा गौरवही केला. पुस्तक दिवाणखान्यात पोचले; चर्चा मात्र अजून चकलीवर थांबलेली आहे.

"मग काय, चोरांची आरती ओवाळायची?" हा प्रश्न येणारच. मुळीच नाही. चोरी वाईट, आणि ती गरिबाच्या घरी झाली तर अधिक वाईट. भाजीवालीचा गल्ला उचलला तर तिचे दुसऱ्या दिवशीचे भांडवल जाते. तिला विम्याचा दिलासा नसतो. चोराला शिक्षा व्हावी, असेच माझे मत आहे. चोराला सूट देतो तो भुकेचा सिद्धांत. मी देत नाही. मला एवढेच हवे आहे, की शिक्षा केलेल्या गोष्टीबद्दल व्हावी, बसण्याच्या बाकाबद्दल होऊ नये. आणि ज्या चोरीला आपण थकबाकी म्हणतो तिच्यासाठीही दार ठोठावले जावे, मग त्या दारावर तोरण कितीही सुबक असो.

जुना कायदा गेला, पण त्याच्या जागी 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे राज्याराज्यांतून झाले, आणि जुन्या याद्यांतली माणसे पुष्कळदा नव्या याद्यांत आली. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून काम वाटण्याची कलमे होती. कैद्यांच्या नोंदवहीत जातीचा रकाना होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कलमे घटनाबाह्य ठरवली आणि तो रकाना काढून टाकायला सांगितले. कायदा रद्द होऊन तोवर बहात्तर वर्षे लोटली होती.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याच्या मुलीला कॉलेजात घालायचे होते आणि जातीचा दाखला हवा होता. विमुक्त जातींच्या माणसाला त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्यांना गाव नव्हते, घर नव्हते, शाळेचा दाखला नव्हता, त्यांनी १९६१ पूर्वीचा कागद कुठून आणायचा? तो एक पत्र्याची पेटी घेऊन आला होता. तिच्यात त्याच्या पणजोबांचा एक कागद होता, घड्यांवर फाटलेला, मागून खळ लावून चिकटवलेला. नाव, बापाचे नाव, जमातीचे नाव, उंची, कपाळावरची खूण, अंगठ्याचा ठसा, आणि तीन दिवस शेजारच्या गावी जाण्याची परवानगी. सगळ्या घराण्यात सरकारी शिक्क्याचा तेवढा एकच जुना कागद होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "ह्याची झेरॉक्स काढताना वरची ओळ झाकली तर चालंल का? पोरगी वाचंल."

मी कागद उजेडाकडे धरून पाहिला. जमातीचे नाव आणि तो शब्द एकाच ओळीत छापलेले होते. त्याने ओळ न झाकताच झेरॉक्स काढली.